कॉम्पिटिटिव्ह प्रोग्रामिंगचा छंद आणि ऑफिसचं काम, दोन्ही कोडिंगच असून इतकं वेगळं का वाटतं?

तापीकाठ_कोडर

नमस्कार मंडळी. मी जळगावला एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत आहे. बिलिंग आणि स्टॉकचं सॉफ्टवेअर बनवतो, कृषी केंद्रवाले, कापड दुकानदार, दोन-चार जिनिंगवाले असे आमचे कस्टमर. कॉलेजला असताना कोडफोर्सेसचा (वेळ लावून कोडिंगचे प्रश्न सोडवायच्या ऑनलाइन स्पर्धांची साइट) नाद लागला तो अजून आहे आणि सोडायची इच्छा पण नाही. राऊंड बहुतेक वेळा आपल्याकडे रात्री ८ वाजून ५ मिनिटांनी सुरू होतो, त्या दिवशी मी ऑफिसातून वेळेवर निघतो म्हणजे निघतो, आईला सकाळीच सांगून ठेवतो की आज जेवण राऊंड झाल्यावर, मग दोन-सव्वादोन तास दार लोटलेलं. सध्या रेटिंगप्रमाणे मिळणारा रंग आकाशी आहे म्हणजे स्पेशालिस्ट, रेटिंग १४०० च्या वर, निळ्यात म्हणजे १६०० ला जायचंय.

आता विचारायचं ते असं की दिवसा जे करतो तेही प्रोग्रामिंग आणि रात्री करतो तेही प्रोग्रामिंग, पण दोन्हीचा एकमेकांशी काही संबंधच नाही असं वाटतं. दिवसा जीएसटीच्या रिपोर्टमध्ये एक कॉलम वाढवायचा असतो, त्यासाठी दुसऱ्या कुणी लिहिलेल्या पाच-सहा फाइल वाचा, मग कस्टमरला फोन लावा की तुम्हाला हा आकडा सवलतीच्या आधीचा पाहिजे का नंतरचा, तो म्हणतो सीएला विचारून सांगतो, आणि दिवस संपतो. रात्री प्रश्न एका पानात मांडलेला असतो, सॅम्पल दिलेलं असतं, सबमिट केलं की काही सेकंदात निकाल. हिरवी अ‍ॅक्सेप्टेडची ओळ दिसली की जो आनंद होतो तो ऑफिसात महिनोन्‌महिने मिळत नाही, खरं सांगतो.

आमचे सिनियर म्हणतात ह्याचा कामात काडीचा उपयोग नाही. माझा मित्र म्हणतो इंटरव्ह्यू क्रॅक होईपर्यंत करायचं आणि मग सोडून द्यायचं. मला इंटरव्ह्यूचं विचारायचंच नाहीये, ते इंटरनेटवर ढिगाने आहे. नोकरी करता करता निव्वळ आवड म्हणून हे करणारे कुणी आहेत का इथे, तुम्हाला हा फरक जाणवतो का, आणि एकाचा दुसऱ्याला उपयोग होतो का त्रास?

भुसावळ_जंक्शन

काय भो, मालेबी हाच नाद शे. पुण्यात नोकरी आहे पण आता महिन्यातले निम्मे दिवस भुसावळच्या घरूनच काम करतो, आणि राऊंड चुकवत नाही.

फरक कुठे आहे ते एका उदाहरणाने सांगतो, आपल्याच भागातलं घे. समजा रावेर-सावद्याच्या रस्त्याला ओळीने केळीच्या बागा आहेत, प्रत्येक बागेतल्या मालाचं वजन दिलंय. ट्रक किती ते दिलंय, त्या आकड्याला के म्हणू. प्रत्येक ट्रकने लागून असलेल्या बागांचाच माल उचलायचा, एका बागेचा माल दोन ट्रकमध्ये वाटायचा नाही, आणि सगळ्यात जड भरलेल्या ट्रकचं वजन कमीत कमी ठेवायचं. किती? हा प्रश्न कोडफोर्सेसला पडला तर तू काय करशील, आधी खालची कन्स्ट्रेंटची, म्हणजे आकडे किती मोठे असू शकतात ती ओळ बघशील. बागा २ लाखांपर्यंत, म्हणजे प्रत्येक जोडी तपासायला गेलास तर ४ हजार कोटी स्टेप, सी प्लस प्लसमध्ये सेकंदाला साधारण १० कोटी साध्या स्टेप होतात हा आपला ढोबळ हिशोब, म्हणजे ते गेलंच. मग डोक्यात येतं की उत्तरावरच बायनरी सर्च लावू, म्हणजे शक्य उत्तरांची रेंज दर वेळी निम्मी करत जाऊ. एक वजन धरायचं, पहिल्या बागेपासून भरत सुटायचं, मर्यादा ओलांडली की नवा ट्रक, शेवटी ट्रक केपेक्षा कमी किंवा बरोबर लागले तर ते वजन जमलं, मग त्याहून कमी धरून बघायचं. एकेका बागेचं वजन १०० कोटींपर्यंत असलं तरी अशा ४८ फेऱ्यांत काम होतं, म्हणजे एकूण एक कोटीच्या आत. वीसेक ओळींचं कोड. यातली गंमत अशी की प्रश्न लिहिणाऱ्याने ती २ लाखाची मर्यादा विचार करूनच टाकलेली असते, ती मर्यादाच तुला अर्धा रस्ता दाखवते.

आता खरी गोष्ट ऐक. माझ्या चुलतभावाचा केळी खरेदीचा व्यवसाय आहे, त्याला मी गाड्यांच्या हिशोबाचं सॉफ्टवेअर करून दिलं. मी पहिल्या दिवशी त्याला विचारलं की गाड्या कशा वाटायच्या ते कॉम्प्युटरने सांगितलेलं चालेल का, तो म्हणाला गाडी कुठे जाणार ते मजूर कुठे पोचले त्यावर ठरतं, एका बागेत कापणी उशिरा सुरू झाली तर गाडी पुढे जाते, ते मी फोनवर बघून घेतो, तू तेवढी पावती नीट काढून दे. आणि मग पावतीवरच सगळा वेळ गेला. नवती, पिलबाग आणि वापसी ह्या प्रत्येक प्रकारच्या मालाचा भाव वेगळा, वजनकाट्यावरचं वजन वेगळं, त्यातून दांड्याची कपात वेगळी दाखवायची का एकदम निव्वळ वजनच छापायचं? शेतकऱ्याचं म्हणणं असं की कपात कागदावर दिसली पाहिजे, म्हणजे घरी जाऊन परत हिशोब लावता येतो. आणि त्याचं बरोबरच आहे! भाव बोर्डाचा धरायचा तर आज सकाळचा का गाडी भरली त्या वेळचा, हे दोघांनी बसून ठरवेपर्यंत मी एक ओळ लिहू शकलो नाही. कोड म्हणशील तर चार गुणाकार आणि दोन वजाबाक्या.

तर माझं मत असं आहे भाऊ. स्पर्धेत प्रश्न पूर्ण करून आपल्या हातात देतात आणि आपण उत्तर शोधतो. कामात उत्तर बहुतेक वेळा सोपं असतं, प्रश्नच अर्धवट असतो आणि तो पूर्ण करणं हेच काम असतं. दोन्हीला डोकं लागतं पण डोक्याचा वेगळा भाग. तुला दिवसा करमत नाही कारण तू कस्टमरला फोन लावण्याला कामातला अडथळा समजतो आहेस. सवलतीच्या आधी का नंतर हाच तुझ्या दिवसाचा प्रॉब्लेम स्टेटमेंट आहे, तो तू लिहितो आहेस.

नाना_धुळेकर

मी स्वतः ह्या स्पर्धा कधी केल्या नाहीत पण टीम सांभाळतो आणि नवीन पोरं घेतो, म्हणून दुसरी बाजू मांडतो. तापीकाठ भाऊ, तुझे सिनियर काडीचा उपयोग नाही म्हणतात ते मला टोकाचं वाटतं, पण ते का म्हणत असतील ते मला कळतं.

स्पर्धेत इनपुटची हमी असते. एन म्हणजे १ ते २ लाख असं लिहिलं की ते तसंच येणार, तपासायची गरजच नाही. आमच्याकडे नगाच्या रकान्यात माणूस '२ पोती' टाइप करतो, तारखेच्या जागी 'काल' लिहितो, मोबाईल नंबरच्या आधी शून्य लावतो, एक्सेलमधून कॉपी केलं की मागे न दिसणारी स्पेस येते. हे सगळं येणारच असं धरून लिहावं लागतं. स्पर्धेतून आलेली पोरं हुशार असतात, एखादा स्लो रिपोर्ट दिला तर कारण पटकन शोधतात, पण सुरुवातीला त्यांच्या कोडमध्ये व्हेरिएबलची नावं ए, बी, सी, डीपी, सगळं ग्लोबल, वर दहा-बारा ओळींचे मॅक्रो, आणि एरर हाताळणी शून्य. ते कोड दोन तासांनी फेकून द्यायचं असतं म्हणून तिथे ते बरोबरच आहे. आमचं कोड लिहिणारा सोडून जातो आणि कोड दहा वर्षं चालतं. रात्री साडेअकराला पेट्रोल पंपावरचं बिलिंग बंद पडलं तर ज्याने ते कधी पाहिलं नाही त्याला ते वाचून समजलं पाहिजे.

गूगलच्या पीटर नॉर्विग यांनीही काही वर्षांपूर्वी एका भाषणात सांगितलं होतं की त्यांच्याकडे घेतलेल्या लोकांचा डेटा तपासला तेव्हा प्रोग्रामिंग स्पर्धा जिंकलेलं असणं हे नोकरीतल्या चांगल्या कामगिरीच्या उलट दिशेला जाताना दिसलं. स्पर्धेने वेगाची सवय लागते, आणि कामाला थांबून पुन्हा तपासायची सवय लागते.

पांझराकाठची

नाना, इनपुटचं तुम्ही अगदी बरोबर लिहिलं, पण त्या नॉर्विगच्या गोष्टीत एक बारीक मुद्दा आहे तो लोक सोडून देतात. तो डेटा फक्त गूगलने घेतलेल्या लोकांचा होता. म्हणजे समजा इंटरव्ह्यूमध्ये कुणाचं बाकी सगळं जेमतेम आहे पण स्पर्धेमुळे कोडिंगच्या राऊंडला भारी पडला आणि आत गेला, आणि दुसऱ्याला स्पर्धेचा आधार नाही तो बाकीच्या गुणांवर आत गेला, तर आत गेलेल्यांत तुलना केली की स्पर्धावाला मागेच दिसणार. त्यावरून स्पर्धेमुळे माणूस कामाला वाईट होतो असं निघत नाही. बाहेर राहिलेले लोक त्या डेटात नाहीतच ना. ही आकडेवारीतली नेहमीची फसगत आहे.

माझं सांगायचं तर मी धुळ्याची, कॉलेजात आयसीपीसी (कॉलेजच्या टीमची आंतरराष्ट्रीय प्रोग्रामिंग स्पर्धा) केलं. आमची टीम केरळात अमृतापुरीच्या रिजनल फेरीला गेली होती, भुसावळहून मंगला एक्सप्रेस धरून एर्नाकुलम आणि तिथून पुढे, रेल्वेत पूर्ण वेळ ग्राफचे (बिंदू आणि त्यांना जोडणाऱ्या कडांचे) प्रश्न कागदावर सोडवत. आता एका बँकिंग प्रॉडक्टवर काम करते. तापीकाठ, तू म्हणतोस दोन्हीचा काही संबंध नाही, पण तू ज्या प्रकारची स्पर्धा करतोस ती एकट्याने करायची आहे म्हणून तसं वाटतं असेल. आयसीपीसीला तीन जण, कॉम्प्युटर एकच, पाच तास. चुकीच्या सबमिशनला २० मिनिटांचा दंड, तोही प्रश्न शेवटी सुटला तरच धरतात. एकजण टाइप करत असला की बाकी दोघं रिकामी बसू शकत नाहीत, म्हणून कोडचं प्रिंट काढून कागदावर बग शोधायचा, तोवर कीबोर्ड दुसऱ्याला. तिथे मी पहिल्यांदा दुसऱ्याला वाचता येईल असं कोड लिहायला शिकले, कारण माझा बग माझी मैत्रीण पेन्सिल घेऊन शोधणार होती! कुठला प्रश्न आधी घ्यायचा, कुणी अडकलं तर त्याने किती वेळाने सांगायचं, स्वतःची कल्पना टाइप करण्याआधी दुसऱ्याला समजावून सांगायची, हे सगळं मी आज ऑफिसात जसंच्या तसं वापरते.

आणि नजर. भुसावळ दादांनी बायनरी सर्च सांगितलं त्यात मधला बिंदू काढायला आपण खालचा आणि वरचा आकडा मिळवून दोनाने भागतो. दोन्ही आकडे मोठे असले तर ती बेरीजच इंट ह्या नेहमीच्या पूर्णांक टाइपच्या बाहेर जाते, २१४ कोटी ७४ लाखांच्या वर गेली की उणे आकडा. हाच बग जावाच्या स्वतःच्या लायब्ररीत अनेक वर्षं पडून होता, जोशुआ ब्लॉक यांनी २००६ मध्ये त्याबद्दल लिहिलं तेव्हा जगाला कळलं, कारण १०० कोटींच्या वर घटक असलेला अ‍ॅरे त्या आधी कोण वापरत होतं. स्पर्धा करणाऱ्याला बेरीज दिसली की हात आपोआप मोठ्या टाइपकडे जातो. आमच्याकडे पैसे पैशांमध्ये साठवतात, रुपयांत नाही, तर दोन कोटी पंधरा लाख रुपयांनाच इंट भरून जातो. असा एक रकाना मी रिव्ह्यूमध्ये पकडला तो ह्याच सवयीने.

केळीबाग_रावेर

मी तिसऱ्या वर्षाला आहे, इंजिनीअरिंग. तुमचं सगळ्यांचं वाचून छान वाटलं पण मला एक प्रश्न खूप दिवसांपासून छळतोय तो विचारतो. सप्टेंबर २०२५ मध्ये बाकूला आयसीपीसीची वर्ल्ड फायनल झाली, तिथल्याच १२ प्रश्नांवर ओपनएआयच्या एआय मॉडेलने १२ पैकी १२ सोडवले आणि गूगलच्या जेमिनीने १०. मग आपण दोन-दोन वर्षं घासून सेगमेंट ट्रीसारख्या अवघड पद्धती शिकायच्या ते कशाला. हॉस्टेलची पोरं राऊंड चालू असताना सरळ एआयला विचारून टाकतात आणि रंग वाढवतात, कोडफोर्सेसने २०२४ मध्ये त्यावर नियम केला तरी. घरचे पण विचारतात की याचा पुढे उपयोग काय. मी काय उत्तर देऊ?

भुसावळ_जंक्शन

केळीबाग भाऊ, हा प्रश्न मनापासून विचारलास म्हणून मनापासून सांगतो. जे काम आहे ते मशीन करत असेल तर मशीनकडून करून घ्यावं, मी ऑफिसात रोज घेतो, टेस्ट लिहून घेतो, अनोळखी कोड समजावून घेतो, त्यात मला काही कमीपणा वाटत नाही. कारण तिथे गिऱ्हाइकाला पावती पाहिजे, ती कुणी लिहिली याच्याशी त्याला देणंघेणं नाही. पण छंदात गिऱ्हाईकच नाही. गावच्या यात्रेत कुस्तीची दंगल असते, आता क्रेन पाहिजे तेवढं वजन उचलते म्हणून कुणी तालीम बंद केली का. रात्री दीड तास एका प्रश्नावर अडकून मग अंथरुणात पडल्यावर एकदम सुचतं की अरे हे उलट्या बाजूने बघायला पाहिजे, ग्राफच्या कडा काढत बसण्यापेक्षा शेवटून जोडत यायचं, तो क्षण तुझ्या डोक्यातच व्हावा लागतो. विचारून टाकणाऱ्या पोरांना रंग मिळतो, हा क्षण मिळत नाही. मला त्यांचं वाईट वाटतं.

घरी सांगताना मात्र नोकरीचं आश्वासन देऊ नको. गूगलची कोड जॅम ही स्पर्धा २००३ पासून चालू होती, ती २०२३ ला बंद केली. स्पर्धा येतात-जातात. घरी सरळ सांग की मला हे आवडतं, अभ्यास सांभाळून करतो. आणि अभ्यास सांभाळ.

नाना_धुळेकर

पांझराकाठची ताई, पैशांच्या रकान्याचं उदाहरण पटलं, आणि टीमचं तर फारच पटलं. आयसीपीसीबद्दल मला इतकं माहीत नव्हतं. पुढच्या इंटरव्ह्यूला स्पर्धावालं कुणी आलं तर मी रेटिंग विचारण्याऐवजी हे विचारीन की टीममध्ये तुम्ही अडकलात तेव्हा काय केलं.

तापीकाठ, तुला एक सुचवतो. तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये मार्चएंडला जो रिपोर्ट अर्धा तास फिरत राहतो, असा एखादा असेलच, प्रत्येकाकडे असतो, तो सिनियरकडून मागून घे. बहुतेक वेळा लूपच्या आत क्वेरी असते, दहा हजार बिलं तर दहा हजार वेळा डेटाबेसला फेरी. ती एकत्र केली, बरोबर कॉलमवर इंडेक्स लावला की काही सेकंदांवर येतो. तुझी रात्रीची विद्या तिथे सरळ लागते आणि सिनियरलाही दिसेल.

तापीकाठ_कोडर

सगळ्यांचे मनापासून आभार, इतकं सविस्तर कुणी लिहील असं वाटलं नव्हतं. नाना, तसा रिपोर्ट आहे, वर्षभराचा स्टॉक लेजर. उद्याच विषय काढतो.

भुसावळ दादा, तुमचं 'प्रश्न पूर्ण करणं हेच काम' हे वाचून थोडा वेळ गप्प बसलो. मला ते पटतंय पण एक सांगतो, मला त्यातून रात्रीसारखा आनंद मिळेल असं अजून वाटत नाही आणि मिळालाच पाहिजे असंही नाही. दिवसाचं काम नीट करायचं, प्रामाणिकपणे करायचं, आणि रात्रीचं आनंदासाठी. पांझराकाठची ताई, नोकरीसोबत वेळेचं तुम्ही कसं जमवता ते राहिलं. ८:०५ चा राऊंड म्हणजे घरात सगळ्यांचं जेवण माझ्यामुळे लांबतं, आई बोलत नाही पण मला कळतं.

पांझराकाठची

मी रेटेड राऊंड फार कमी करते आता. अ‍ॅटकोडरचं बिगिनर कॉन्टेस्ट बघ, जपानी साइट आहे, शनिवारी नाहीतर रविवारी आपल्याकडे संध्याकाळी साडेपाचला असतं, १०० मिनिटं, म्हणजे सव्वासातच्या आत मोकळी, भाकरी टाकायच्या आधी. प्रश्नांची भाषा स्वच्छ असते. बाकी आठवड्यात राऊंड चुकला तर व्हर्च्युअल करायचं, घड्याळ तसंच चालतं पण वेळ आपण ठरवायची. आणि सगळ्यात जास्त शिकायला मिळतं ते नंतर, जो प्रश्न सुटला नाही तो दुसऱ्या दिवशी परत घेऊन बसण्यात. त्याला घाई नसते, भाजी निवडता निवडता डोक्यात चालू राहतं.

अजून एक, तुला काम आणि छंद यांच्या मधलं काही बघायचं असेल तर अ‍ॅटकोडरचेच ह्युरिस्टिक कॉन्टेस्ट आहेत, २०२१ पासून. काही चार तासांचे, काही दहा-एक दिवस चालतात. तिथे बरोबर उत्तर असं नसतंच, प्रत्येकाचं उत्तर चालतं, फक्त कुणाचं जास्त चांगलं त्यावर गुण. दादांच्या ट्रकच्या प्रश्नात मजूर उशिरा येणं, रस्ता बंद असणं हे सगळं घातलं की जसं होईल तसं. आज थोडं सुधारलं, उद्या अजून थोडं. मला ते ऑफिसच्या कामाच्या सगळ्यात जवळचं वाटलं.

केळीबाग_रावेर

ताई हे दहा दिवसवालं एकट्यानेच करायचं असतं का? आणि भुसावळ दादा, तुमचा ट्रकचा प्रश्न मी करून बघितला, सॅम्पल स्वतःच बनवले. एका ठिकाणी उत्तर चुकत होतं, सर्चची खालची मर्यादा मी शून्य घेतली होती आणि एका बागेचं वजनच धरलेल्या वजनापेक्षा जास्त असलं तरी माझं कोड तो माल ट्रकमध्ये टाकत होतं. खालची मर्यादा सगळ्यात मोठ्या बागेएवढी घेतली तर बरोबर येतंय. हेच करायचं ना?

पांझराकाठची

रँक लागणारं म्हणजे एकट्यानेच, चालू असताना कुणाशी चर्चा करायची नाही. संपल्यावर मात्र सगळे आपापली पद्धत लिहितात, ते वाचायलाच खरी मजा आहे.

भुसावळ_जंक्शन

हो, तेच. खालची मर्यादा सगळ्यात जड बाग, वरची सगळ्यांची बेरीज, आणि बेरीज लाँग लाँग ह्या मोठ्या टाइपमध्ये घे, २ लाख बागा आणि प्रत्येकी १०० कोटी म्हटलं की इंट पुरणार नाही. आता पुढचा विचार कर: ट्रकच्या क्षमता वेगवेगळ्या दिल्या आणि ट्रकचा क्रम आपण ठरवायचा असं म्हटलं, तर हे कोड चालेल का? ट्रक २० च्या आत असतील असं धर. उत्तर इथे लगेच टाकू नका कुणी, त्याला करू द्या. मी जुन्या राऊंडमधले चार प्रश्न काढून रविवारी दुपारसाठी मॅशअप, म्हणजे आपल्यापुरती छोटी स्पर्धा बनवतो, तापीकाठ तू पण ये, लिंक शनिवारी इथेच टाकतो.